तीन लाईफ आणि तीस लाईफ



या सदरातून आपण शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, बचत गटाचे हिशेब, लग्नातला अनाठायी खर्च अशा गोष्टी बोलत असतो. आजचा विषय पाहून काही ज्येष्ठ मंडळी चष्मा पुसून पुन्हा वाचतील. विषय आहे व्हिडिओ गेम! त्यातही उड्या मारण्याचे आणि मारामारीचे गेम.

कारण असे घडले. आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक छोटी अभ्यासिका आहे. तिथे दोन जुने कॉम्प्युटर आहेत. एका रविवारी वंदना आटोपली आणि समितीतल्या एका वयोवृद्ध उपासकांनी मला चपला घालता घालता अडवले. म्हणाले, "काय हो, तुम्ही अभ्यासिकेत लेकरांना गेम लावून देता म्हणं? बाबासाहेबांनी अठरा-अठरा तास अभ्यास केला, अन् आपले लेकरं इथं उड्या मारायलेत?"

मी म्हणालो, "बाबा, उत्तर देतो. पण असं उभ्या उभ्या देता यायचं नाही."

ते उत्तर म्हणजे हा लेख. मात्र त्यासाठी मला तीस वर्षे मागे जावे लागेल.

साल १९९४. जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता, वस्तीत पेढे वाटले गेले होते आणि मी आठवीत होतो. वडील जालन्याच्या मोंढ्यात हमाली करीत. माय शेतात निंदायला-खुरपायला जाई. त्या वर्षी बाजारपेठेकडे राहणाऱ्या माझ्या एका वर्गमित्राच्या घरी टीव्हीवरचा गेम आला. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावे तेव्हा पोरांच्या तोंडी असत. मूळ यंत्र जपानच्या निंटेंडो कंपनीने १९८३ साली काढलेले. आपल्याकडे घरोघरी दिसली ती बहुतेक त्याच धर्तीची स्वस्तातली यंत्रे. हातात धरायच्या बटणांच्या डबीला आम्ही 'रिमोट' म्हणायचो आणि गेमच्या डबीला 'कॅसेट'. कॅसेटवर '९९९९९९-इन-१' असे छापलेले असायचे. आत खरे गेम मोजकेच, बाकी तेच ते पुन्हा. कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात जोरात फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नसे, काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे ती चालायची, हे फार पुढे कळले.

त्या कॅसेटमधला पहिला गेम 'मारिओ'. मिशा, टोपी आणि मिस्त्री लोक घालतात तसा पट्ट्यांचा डगला. हा मारिओ धंद्याने नळ-फिटिंग करणारा! १९८१ साली तो पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा सुतार होता, पुढे प्लंबर झाला. राजपुत्र नाही, सरदार नाही, हाताने काम करणारा माणूस. त्याला घडवणारे शिगेरू मियामोतो यांनी पुढे सांगितले की, तेव्हा चित्र काढायला इतके थोडे ठिपके मिळत की ओठ दाखवता येईनात म्हणून मिशा दिल्या आणि केस काढणे अवघड म्हणून टोपी घातली. गरजेतून आलेले रूप जगभर गाजले.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम सप्टेंबर १९८५ मध्ये जपानमध्ये निघाला. आठ दुनिया, प्रत्येकीत चार टप्पे, असे एकूण बत्तीस टप्पे. आणि एवढा पसारा बसवला होता अवघ्या ४० केबीत. आज आपल्या मोबाईलवर काढलेला एक फोटो दोन-तीन एमबीचा असतो. म्हणजे एका फोटोच्या जागेत पन्नासहून जास्त मारिओ मावतील. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचे चित्रही एकच ठेवले होते, फक्त रंग बदलला. आमच्या मायने एका लुगड्यातून दोन गोधड्या काढाव्यात तसा हा संसार.

असल्या खेळांना इंग्रजीत 'प्लॅटफॉर्मर' म्हणतात. प्लॅटफॉर्म म्हणजे इथे रेल्वेचा फलाट नव्हे, उडी मारून ज्यावर उभे राहायचे ती फळी किंवा कट्टा. धावायचे, उडी मारायची, खड्डा चुकवायचा, पुढे जायचे. नियम एवढाच.

आता मुद्द्याचे सांगतो. त्या वर्गमित्राच्या घरी आम्ही सात-आठ पोरे जमायचो. बाकीचे टीव्हीसमोर सतरंजीवर बसत. माझी जागा दाराजवळ, चपलांच्या बाजूला. कोणी तसे तोंडाने सांगितले नव्हते, पण पहिल्या दिवशीच ती ठरून गेली होती. वाचकांपैकी अनेकांना अशी ठरून गेलेली जागा माहीत असेल, जास्त सांगत नाही. रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात फिरायचा. मी विचारले की, "तू बघ ना, तुझा नंबर शेवटी," असे उत्तर मिळे. तो शेवट कधी आला नाही. एक तर संध्याकाळ होई, नाही तर लाईट जाई. आणि लाईट गेली की खेळ पहिल्यापासून, कारण त्या गेममध्ये आपण कुठवर आलो ते साठवून ठेवायची सोय नव्हती.

पण मी बघत होतो. मन लावून बघत होतो. कोणत्या विटेत नाणे आहे, कोणती वीट रिकामी दिसते पण डोके आपटले की त्यातून एक लाईफ मिळते, दुसऱ्या टप्प्यात छतावर चढून गेले की शेवटी तीन नळ लागतात आणि त्यातून थेट पुढच्या दुनियेत जाता येते, हे सगळे मला पाठ झाले. इतके की, खेळणारे पोरगे अडले की मान न वळवता मला विचारी, "आता कुठं?" आणि मी दारातून सांगे, "थांब, कासवाला जाऊ दे, मग उडी मार." मी सांगायचो, ते जिंकायचे. एके दिवशी शेवटचा किल्ला पार झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. रिमोटला माझे बोटही लागले नव्हते.

पुढे दिवाळीच्या सुटीत स्टेशनकडच्या एका दुकानात तासावर गेम खेळायला मिळतो असे कळले. पैसे साठवून गेलो. पहिल्यांदा रिमोट हातात घेतला. मला तर सगळा गेम पाठ! खेळ सुरू झाला आणि पहिलाच शत्रू, ती तपकिरी, चपटी, दोन पायांची अळंबी, समोरून चालत आली आणि मी मेलो. दुसऱ्यांदाही तिथेच मेलो. तिसऱ्यांदा तिला चुकवले आणि पहिल्याच खड्ड्यात पडलो. दुकानदार हसला. मला रडू आले.

त्या दिवशी मला जे समजले ते आज शब्दांत मांडता येते. डोळ्यांनी शिकलेले हाताला येत नाही. हाताला हाताचीच शाळा लागते. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या दारात बसून बघायला लावले, त्याच्या डोक्यात काही कमी नव्हते. कमी होते ते एवढेच की रिमोट हातात आला नव्हता.

तरी एक गोष्ट मला त्या खेळात फार आवडली. खड्डा आडनाव विचारत नव्हता. वर्गमित्राचा मारिओ जिथे पडायचा तिथेच माझाही पडत होता. त्याला जेवढी उडी, तेवढीच मला. शाळेत, पाणवठ्यावर, दुकानात कुठेच इतका सरळ न्याय मी पाहिला नव्हता. आणि तो खड्डा चांगला मास्तरही होता. पहिल्या टप्प्याच्या शेवटी पायऱ्यांचे दोन ढीग समोरासमोर येतात. मध्ये साधी जमीन असते, पडले तरी काही होत नाही. थोडे पुढे तसेच दोन ढीग, पण आता मध्ये खड्डा! आधी सुरक्षित उडी शिकवली, मग तीच उडी जोखमीवर मारायला लावली. एक शब्द न बोलता. आमच्या एखाद्या मास्तरांनी अपूर्णांक असे शिकवले असते तर किती बरे झाले असते!

आठवीतल्या त्या पोराला वाटले, चला, जगात एक तरी जागा समान आहे. पण 'कॉन्ट्रा' गेमने तो समजही पुसला.

कॉन्ट्रा हा कोनामी कंपनीचा बंदुकीचा गेम. १९८७ साली नाणे टाकून खेळायच्या यंत्रावर आला आणि १९८८ मध्ये घरच्या यंत्रावर. दोघांना जोडीने खेळता येई. फार अवघड. एक गोळी लागली की मेला. मिळायच्या तीन लाईफ, आणि त्या पहिल्या जंगलातच संपायच्या. मी महिनाभर साठवलेले पैसे त्यात घातले. शेजारी बसणारा एक मुलगा मात्र सहज दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याला जाई. मला वाटे, काय हात आहे याचा! एकदा नीट पाहिले तर त्याच्या खात्यात तीस लाईफ होत्या. विचारले तर हसला, सांगेना. पुष्कळ दिवसांनी कळले की सुरुवातीला वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए अशी दहा बटणे ओळीने दाबली की तीस लाईफ मिळतात. त्याला ते छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला शिकणाऱ्या मोठ्या भावाने सांगितले होते. मला सांगणारा कोणी नव्हता.

बंधू-भगिनींनो, खड्डा सगळ्यांना सारखा असतो. पण तीन लाईफवाला आणि तीस लाईफवाला यांना तो सारखा नसतो. एकाला पडून शिकायची ऐपत असते, दुसऱ्याला एकदा पडला की खेळातून बाहेर. पुढे मी बी.कॉम.ला गेलो, स्पर्धा परीक्षा दिल्या, नोकरीला लागलो, तेव्हा जागोजागी हेच पाहिले. ज्याच्या घरात आधीचा कोणी शिकलेला, त्याला ती दहा बटणे घरातच मिळतात. कोणता अर्ज कधी भरायचा, कोणाला भेटायचे, मुलाखतीत काय बोलायचे. आणि मग तोच म्हणतो, "मी स्वतःच्या गुणांवर आलो, तुम्हाला मात्र सवलत!"

गंमत पुढेच आहे. ही दहा बटणे मुळात शोधली कोणी? कोनामीतले काझुहिसा हाशिमोतो यांनी. 'ग्रॅडियस' हा गेम १९८६ मध्ये घरच्या यंत्रासाठी तयार करताना तो तपासायला त्यांनाच खेळून पाहावा लागे, आणि तो त्यांनाच जमेना इतका अवघड होता. म्हणून स्वतःच्या सोयीसाठी त्यांनी हा संकेत आत घालून ठेवला. २०२० साली ते वारले तेव्हा जगभरच्या खेळणाऱ्यांनी त्यांची आठवण काढली. म्हणजे खेळ बनवणाऱ्यालाही मदत लागली होती. मदत घेणे हा कमीपणा असता तर तो पहिल्यांदा त्याच्याकडे यायला हवा होता.

कॉन्ट्रानंतर मला नाण्यांच्या यंत्रांचा नाद लागला. एक रुपयाला एक कॉइन. आमचा आवडता गेम म्हणजे 'मुस्तफा'. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ च्या या गेमचे खरे नाव वेगळेच, 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. पण त्यातल्या चार नायकांपैकी एकाचे नाव मुस्तफा आणि तो सगळ्यात चपळ, म्हणून आपल्याकडे साऱ्या गेमलाच मुस्तफा नाव पडले. तिघांना एकदम खेळता येई. आमची जोडी ठरलेली होती. एक मोहल्ल्यातला, एक मारवाड्याच्या दुकानात काम करणारा आणि मी. तिथे चपलांजवळ कोणी बसवत नव्हते. ज्याच्याकडे कॉइन, त्याची जागा.

एका संध्याकाळी मागून खांद्यावर हात पडला. वडील होते. डोक्याला पोत्याचा धुरळा, गळ्यात उपरणे. मला वाटले आता मार बसणार. त्यांनी मारले नाही. पडद्याकडे थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "हे कितीला?" मी म्हणालो, "रुपयाला." ते म्हणाले, "म्हणजे माझं एक पोतं." आणि चालू लागले. त्या दिवसापासून मी तिथे गेलो नाही. पैसे टाकून खेळायच्या यंत्राकडे पाहिले की मला आजही पोते दिसते.

हे सांगायचे कारण म्हणजे आज ते नाणे टाकायचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आले आहे. परवा एका बाईंनी डोळ्यांत पाणी आणून सांगितले की मुलाने मोबाईलवरच्या पैशांच्या खेळात घराच्या हप्त्याची रक्कम घालवली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांवर खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो योग्यच झाला. पण कायदा प्रत्येक मोबाईलच्या आत डोकावत नाही. आईबापांनाच पाहावे लागेल. मी तीन गोष्टी पाहतो. खेळाला शेवट आहे का? मधेच तो पैसे मागतो का? आणि हरल्यावर मूल विचार करते, की नुसते चिडून बोट आपटत राहते? जुन्या उड्यांच्या खेळाला शेवट असतो. तो एकदा घेतला की पुन्हा पैसे मागत नाही. आणि हरल्यावर, आपण कुठे चुकलो, हे समोर लख्ख दिसते.

कॉलेजात असताना कॉम्प्युटर क्लासला 'डेव्ह' आणि 'प्रिन्स' खेळलो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ चा. जॉर्डन मेकनर या तरुणाने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उडी मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल काढली. म्हणून तो खरा माणूस चालावा तसा चालतो. मारिओसारखी बेफाम उडी इथे चालत नाही. काठापर्यंत एकेक पाऊल सरकायचे, अंतर मोजायचे, मग उडी. साठ मिनिटांची मुदत. पुढे कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसलो तेव्हा हा प्रिन्स मला फार कामी आला!

मग वीसेक वर्षे गेम सुटला. तो पुन्हा भेटला अभ्यासिकेत. माझी भाची नववीत आहे. गणिताच्या पेपरला तिचे हातपाय गार पडत. येत असलेलेही सुचत नसे. तिच्या मोठ्या भावाने, पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने, सुटीत आल्यावर कॉम्प्युटरवर एक गेम घालून दिला, सवलतीत विकत घेऊन. नाव 'सेलेस्त'. २०१८ साली निघालेला.

हल्ली मोठ्या कंपनीशिवाय दोघे-चौघे मिळून गेम बनवतात, त्यांना 'इंडी' म्हणतात. म्हणजे स्वतंत्र. आपली छोटी नियतकालिके जशी, तसेच ते. जपानच्या दाइसुके अमाया यांनी 'केव्ह स्टोरी' हा गेम एकट्याने पाच वर्षे खपून बनवला आणि २००४ मध्ये लोकांना फुकट दिला. सेलेस्तची सुरुवात तर मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी चार दिवसांत केलेल्या एका छोट्या गेमपासून झाली.

यात मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते. दिसायला जुन्या मारिओसारखेच, मोठ्या ठिपक्यांचे. पण तिला अडवतो कोण? आरशातून बाहेर आलेली तिचीच सावली. "तुला जमायचं नाही, परत फिर," असे तीच तिला सांगत राहते. माझ्या भाचीला ते कोणी समजावून सांगावे लागले नाही. इथे लाईफ मोजून मिळत नाहीत. पडलात की त्याच पडद्याच्या सुरुवातीला क्षणात पुन्हा उभे. तीनही नाही, तीसही नाही, हव्या तेवढ्या! तरी खेळ सोपा नाही, उलट फार अवघड आहे. आपण किती वेळा मेलो याचा आकडा तो दाखवतो, आणि लाजू नका, तेवढे शिकलात असे समजा, असे सुचवतो. भाचीने आपला आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलाय, दोन हजारांच्या वर! गणिताच्या वहीतल्या खाडाखोडीवर ती आता लगेच हात ठेवून झाकत नाही, हे मी पाहिले आहे.

त्या गेममध्ये मदतीची सोय आहे. ज्याला जमत नाही त्याने वेग कमी करावा, दम वाढवून घ्यावा. शिखर तेच राहते. एका अवघड कड्यावर चार रविवार अडल्यावर भाचीने वेग थोडा कमी केला आणि चढली. चढल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, पण मी मदत घेतली. मग डोंगर मी चढले असं म्हणायचं का?"

वाचकहो, मला क्षणभर बोलता येईना. कारण हा प्रश्न मला कचेरीत तीनदा विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्याने उत्तराची वाट पाहिली नव्हती. मी तिला जवळ बसवले आणि कॉन्ट्राची गोष्ट सांगितली. तीन लाईफची आणि तीस लाईफची. ज्याने ती दहा बटणे शोधली त्यालाही ती लागली, हे सांगितले. मग विचारले, "वेग कमी केल्यावर उड्या कोणी मारल्या?"

"मीच."

"पडलं कोण?"

"मीच. लई वेळा."

"मग चढलं कोण?"

ती हसली आणि पुढे खेळू लागली. पुढच्या रविवारी तिने वेग परत वाढवला होता. मी सांगितले नव्हते.

आता त्या ज्येष्ठ उपासकांकडे येतो. हा लेख लिहून होण्याआधीच ते एका रविवारी अभ्यासिकेत येऊन मागच्या खुर्चीवर बसले. पडद्यावर मॅडलिन दोरीच्या पाळण्यात अडकली होती, घाबरून तिचा श्वास कोंडला होता. तिचा सोबती तिला सांगतो की एक पीस डोळ्यांपुढे आण आणि आपल्या श्वासावर ते तरंगत ठेव. खेळणाराने बटण हळूहळू दाबून-सोडून ते पीस वर-खाली तोलायचे. दुसरे काही नाही. शेजारचा सहावीतला पोरगा ओरडला, "मामा, हे तर आपलं आनापान!" सगळे हसले. बाबा हसले नाहीत. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. उठताना म्हणाले, "अर्धा तास. त्याच्यावर मिनिटही नाही." मी म्हणालो, "बरोबर आहे बाबा." तो नियम आम्ही भिंतीवर लावला आहे. आधी अभ्यास, रविवारीच, अर्धा तास, आणि रिमोट सगळ्यांच्या हातात आळीपाळीने. दाराजवळ कोणी बसणार नाही.

आणखी एक अनुभव सांगून थांबतो. आपल्या महाराष्ट्रातही चांगले गेम होतात, हे सांगायलाच हवे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० साली 'राजी' हा मारामारीचा आणि चढाईचा गेम काढला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडले नाही. गेम जगभर पोचला. नायिका कोण, तर सर्कशीत काम करणारी मुलगी, पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली. मुली तो गेम पाहताना डोळे मिटत नव्हत्या. मीही मनापासून कौतुक केले. फक्त एका ठिकाणी घास अडकला. त्यातला खलनायक आहे असुरांचा राजा, महाबलासुर. हा आपला बळीच असे मी म्हणत नाही. पण ज्या बळीचे राज्य यावे म्हणून मराठवाड्यात आयाबाया दिवाळीला ओवाळतात, ज्याची बाजू महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त मांडली, त्याची आठवण त्या नावाने झाल्याशिवाय राहिली नाही. त्या तरुणांना मी दोष देत नाही. ज्याला जी गोष्ट घरात मिळाली ती त्याने सांगितली. आपल्या घरातली गोष्ट आपल्यालाच सांगावी लागेल.

ती सांगायची साधने आज फुकट आहेत. स्क्रॅच नावाची मुलांसाठीची सोय आहे, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये खुली केलेली. चित्रांचे ठोकळे जोडून गेम बनवता येतो. मोठ्यांसाठी गोडो आहे, तेही विनामूल्य. आमच्या सहावीतल्या त्या पोराने तीन रविवार खपून एक गेम केला आहे. त्यात एक माणूस डोक्यावर पोते घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो. फळी हलते. पडला की पुन्हा पहिल्यापासून. मी त्याला विचारले, "हा कोण रे?" तर म्हणाला, "आमचे आजोबा. मोंढ्यात होते."

मी त्याचा गेम खेळून पाहिला. पहिल्याच फळीवरून पडलो. पोरे हसली. या वेळी मला रडू आले नाही.

जयभीम!